एका गाभ्यावरचे दोन चोक: बूस्ट कन्व्हर्टरमधील कपल्ड इंडक्टरचे गणित

बूस्ट कन्व्हर्टर कमी डीसी व्होल्टेजपासून जास्त डीसी व्होल्टेज मिळवून देतो. त्याचे मुख्य भाग चारच: चोक म्हणजे इंडक्टर, इलेक्ट्रॉनिक स्विच, डायोड आणि कपॅसिटर. स्विच चालू असताना चोक थेट पुरवठ्यावर येतो, त्यातला करंट चढत जातो आणि चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. स्विच बंद झाला की करंटला डायोडमधून कपॅसिटरकडे जावे लागते. त्या वेळी चोकवरचे व्होल्टेज पुरवठ्याच्या व्होल्टेजमध्ये मिळवले जाते, म्हणून कपॅसिटरवर पुरवठ्यापेक्षा जास्त व्होल्टेज तयार होते. ही उघडझाप सेकंदाला हजारो वेळा चालते. एकूण वेळेच्या जितक्या हिश्शात स्विच चालू असतो त्या हिश्शाला ड्यूटी म्हणतात. इथे तिच्यासाठी ‘डी’ हे अक्षर वापरले आहे. चोकला चढताना मिळालेले व्होल्ट-सेकंद आणि उतरताना गेलेले व्होल्ट-सेकंद सारखे असावेच लागतात. त्यावरून पहिले सूत्र निघते:

बाहेरचे व्होल्टेज = आतले व्होल्टेज ÷ (१ − डी)

एका चोकचे गणित सोपे असते. एकाच गाभ्यावर दोन वेटोळी आली की मात्र ‘या चोकचा इंडक्टन्स किती’ या प्रश्नाला एकच उत्तर उरत नाही. करंटच्या चढउतारासाठी एक आकडा लागतो, पुरवठ्यातून येणाऱ्या एकूण करंटसाठी दुसरा आणि गाभा संपृक्त होईल का हे ठरवण्यासाठी तिसरा. हे तीन आकडे वेगळे ठेवले की कपल्ड इंडक्टरची रचना हाती येते. ते एकमेकांत मिसळले, तर कागदावर बरोबर दिसणारा चोक प्रत्यक्षात तापतो.

शेतातला प्रश्न

पालघर जिल्ह्यात किनाऱ्यालगत तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज निर्माण करत आहे आणि शेजारच्या बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत कारखान्यांना अखंड वीज लागते. त्याच जिल्ह्यात विक्रमगड, जव्हार आणि मोखाड्याच्या डोंगराळ भागात शेते विखुरलेली आहेत. तिथल्या प्रत्येक विहिरीपर्यंत तीन फेजची लाइन नेणे खर्चाचे पडते. अशा ठिकाणी सौरपंप उपयोगी पडतो. केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेतून २०१९ पासून अशा पंपांना अनुदान मिळू लागले.

डहाणू-घोलवडच्या चिकूवाडीत किंवा वाड्याच्या भातशेतीत आधीपासून ४१५ व्होल्टची तीन फेजची ३ अश्वशक्तीची मोटर असेल, तर तीच सौर पॅनलवर चालवता आली पाहिजे. ४१५ व्होल्ट एसी तयार करायचे तर इन्व्हर्टरला मागच्या बाजूने किमान ५८७ व्होल्ट डीसी लागते, म्हणजे सोयीचा आकडा ६०० व्होल्ट. ५५० वॅटच्या पॅनलचे काम करतानाचे व्होल्टेज सुमारे ४१.५ असते. ६०० व्होल्टसाठी एका रांगेत चौदा-पंधरा पॅनल लावावे लागतील आणि ते आठ किलोवॅटच्या घरात जातात. ३ अश्वशक्तीच्या मोटरला सुमारे ३ किलोवॅट पुरतात, म्हणजे सहा पॅनल. सहा पॅनल मिळून २४९ व्होल्ट देतात, तेही पॅनल २५ अंश सेल्सिअसला असताना. दुपारच्या उन्हात पॅनलचे तापमान ६० अंशांच्या पुढे जाते आणि प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के व्होल्टेज उतरते. त्यामुळे हाती येतात सुमारे २२० व्होल्ट. २२० पासून ६०० पर्यंतची ही चढण बूस्ट कन्व्हर्टरने चढायची आहे.

आधी एकट्या चोकचा हिशेब

उदाहरणासाठी पुढचे आकडे धरले आहेत: आतले व्होल्टेज २२०, बाहेरचे ६००, शक्ती ३,००० वॅट, स्विचिंगची वारंवारता ५० किलोहर्ट्झ. एका आवर्तनाचा काळ २० मायक्रोसेकंद होतो. पहिल्या सूत्रावरून डी = १ − २२०/६०० = ०.६३३. एकूण करंट ३,००० ÷ २२० = १३.६४ अँपिअर.

इतका करंट एका स्विचमधून आणि एका चोकमधून नेण्याऐवजी तो दोन समान शाखांत वाटतात. प्रत्येक शाखेला स्वतःचा चोक, स्विच आणि डायोड असतो. दोन्ही स्विच एकमेकांपासून अर्ध्या आवर्तनाच्या अंतराने चालतात. एका शाखेचा करंट उतरत असताना दुसरीचा चढत असतो, त्यामुळे एकूण करंटमधला चढउतार बराच कमी होतो. प्रत्येक शाखेच्या वाट्याला सरासरी ६.८२ अँपिअर येतात.

शाखेतला चढउतार सरासरीच्या ४० टक्के, म्हणजे २.७३ अँपिअर चालेल असे ठरवले, तर सुट्या चोकसाठी सूत्र असे:

इंडक्टन्स = आतले व्होल्टेज × स्विच चालू असण्याचा काळ ÷ करंटचा चढउतार

चालू असण्याचा काळ १२.६७ मायक्रोसेकंद. २२० × १२.६७ = २,७८७ व्होल्ट-मायक्रोसेकंद. त्याला २.७३ ने भागले की १,०२१ मायक्रोहेन्री, म्हणजे सुमारे १.०२ मिलिहेन्री येतात. असे दोन सुटे चोक घेतले तरी कन्व्हर्टर चालेल. पुढची सगळी तुलना या आकड्याशी करायची आहे.

दोन वेटोळ्यांचे नाते

एका वेटोळ्यातला करंट बदलला की दुसऱ्या वेटोळ्यात व्होल्टेज निर्माण होते, हे मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवले. या परिणामाचे माप म्हणजे परस्पर इंडक्टन्स. वेटोळ्याच्या स्वतःच्या इंडक्टन्सला ‘एल’ आणि परस्पर इंडक्टन्सला ‘एम’ म्हटले आणि दोन्ही वेटोळी सारखी असली, तर एम ÷ एल या गुणोत्तराला कपलिंग गुणांक म्हणतात. इथे त्याला ‘के’ म्हटले आहे. के शून्य असेल तर वेटोळी एकमेकांपासून पूर्ण अलिप्त असतात. तो १ च्या जवळ गेला की एकाचा जवळजवळ सगळा चुंबकीय प्रवाह दुसऱ्यातूनही जातो.

कपलिंगची दिशा तितकीच महत्त्वाची आहे. दोन्ही शाखांचे करंट गाभ्याच्या सामाईक वाटेत एकमेकांना पूरक प्रवाह निर्माण करत असतील तर ते सुलट कपलिंग, आणि विरोधी प्रवाह निर्माण करत असतील तर उलट कपलिंग. बूस्टच्या दोन शाखांसाठी बहुतेक वेळा उलट कपलिंग निवडतात, कारण दोन्ही शाखांचा स्थिर करंट एकमेकांचा प्रवाह काही प्रमाणात खोडून काढतो.

कन्व्हर्टरमध्ये कपल्ड इंडक्टर वापरून करंटचा चढउतार दाबण्याची कल्पना १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कॅल्टेक येथे स्लोबोदान चुक आणि आर. डी. मिडलब्रुक यांच्या कामातून पुढे आली. समांतर शाखांच्या कन्व्हर्टरमधील समतुल्य इंडक्टन्सचे नीट विश्लेषण पिट-लिओंग वाँग, फ्रेड ली आणि सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केले. त्यांचे काम संगणकाच्या प्रोसेसरला वीज देणाऱ्या, व्होल्टेज कमी करणाऱ्या कन्व्हर्टरवर होते. त्याच पद्धतीने बूस्टचीही सूत्रे काढता येतात.

तीन प्रश्न, तीन इंडक्टन्स

उलट कपलिंगमध्ये पहिल्या वेटोळ्यावरचे व्होल्टेज म्हणजे एल गुणिले स्वतःच्या करंटचा वेग, वजा एम गुणिले दुसऱ्याच्या करंटचा वेग. दुसऱ्या वेटोळ्यासाठीही असेच समीकरण मांडता येते. दोन्ही एकत्र सोडवली आणि बूस्टच्या प्रत्येक अवस्थेतली व्होल्टेजे त्यात घातली की तीन निष्कर्ष मिळतात.

पहिला प्रश्न शाखेतल्या चढउताराचा. डी ०.५ पेक्षा जास्त असेल, तर शाखेला प्रत्यक्षात जाणवणारा इंडक्टन्स असा:

एल × (१ − के²) ÷ [१ − के × (१ − डी)/डी]

डी ०.५ पेक्षा कमी असेल तर याच सूत्रात (१ − डी)/डी च्या जागी डी/(१ − डी) येते.

दुसरा प्रश्न पॅनलमधून येणाऱ्या एकूण करंटचा. दोन्ही करंट मिळवले की परस्पर परिणामाचा एक भाग गळून पडतो आणि उरतो एल × (१ − के). डी ०.५ पेक्षा जास्त असताना एकूण करंटचा चढउतार = आतले व्होल्टेज × (२डी − १) × आवर्तनाचा काळ ÷ [एल × (१ − के)].

तिसरा प्रश्न गाभ्याचा. दोन्ही शाखांत सारखा स्थिर करंट वाहत असेल, तर वेटोळ्याशी जोडलेला स्थिर चुंबकीय प्रवाह एल × (१ − के) × शाखेचा करंट इतकाच असतो. सुट्या चोकमध्ये तो पूर्ण एल × करंट असतो. उलट कपलिंगचा मोठा फायदा इथे आहे.

डी नेमकी ०.५ असेल तर पहिले सूत्र सुटसुटीत होऊन एल × (१ + के) देते आणि एकूण करंटचा चढउतार शून्यावर येतो. ०.५ पासून जसजसे दूर जावे तसतसा फायदा घटतो.

कपलिंग किती घट्ट असावे

ट्रान्सफॉर्मरची सवय असलेल्याला वाटते की कपलिंग जितके घट्ट तितके चांगले. बूस्टच्या दोन शाखांत ते खरे नाही. आपल्या उदाहरणात (१ − डी)/डी = ०.५८. पहिल्या सूत्रात के वाढवत नेला की उत्तर आधी वाढते आणि मग घसरते. के सुमारे ०.३२ असताना शाखेला जाणवणारा इंडक्टन्स एलच्या १.१ पट होतो, आणि हीच कमाल. के ०.५८ झाला की फायदा संपतो आणि उत्तर पुन्हा एल इतके होते. के ०.९ पर्यंत नेला तर शाखेला एलच्या फक्त ०.४ पट इंडक्टन्स जाणवतो, म्हणजे चढउतार अडीच पट होतो. किती कपलिंग योग्य हे ड्यूटी ठरवते.

इथे ई आकाराच्या फेराइट गाभ्याचा एक उपयुक्त गुण कामी येतो. दोन ई समोरासमोर ठेवले की तीन पाय होतात: मधला जाड आणि बाजूचे दोन बारीक, प्रत्येकाचे क्षेत्रफळ मधल्याच्या जवळपास निम्मे. बाहेरच्या दोन पायांवर एकेक वेटोळे बसवले आणि तिन्ही पायांत सारख्या जाडीची फट ठेवली, तर मधल्या वाटेचा चुंबकीय विरोध बाहेरच्या पायाच्या निम्मा होतो. पहिल्या वेटोळ्याचा प्रवाह मधल्या आणि दुसऱ्या पायात विभागला जातो आणि त्यातला एक तृतीयांश दुसऱ्या पायातून जातो. म्हणजे के आपोआप १/३ मिळतो. आपल्याला हवा असलेला आकडा ०.३२ आहे. तिन्ही पायांखाली एकाच जाडीची इन्सुलेशनची पट्टी घातली तरी काम भागते.

के = १/३ घेतल्यावर पहिल्या सूत्राचा गुणक १.१०१ येतो. म्हणून हवा असलेला एल = १.०२१ ÷ १.१०१ = ०.९२७ मिलिहेन्री. एम = ०.३०९ मिलिहेन्री आणि एल − एम = ०.६१८ मिलिहेन्री.

गाभ्यातला हिशेब

स्थिर प्रवाह ०.६१८ × ६.८२ = ४.२१ मिलिवेबर-टर्न. त्यावर स्विचिंगमुळे येणाऱ्या २,७८७ व्होल्ट-मायक्रोसेकंदांचा निम्मा भाग, १.३९ मिलिवेबर-टर्न, चढतो. कमाल ५.६ होते. सुट्या चोकमध्ये हाच आकडा ६.९६ + १.३९ = ८.३५ होता. शाखेतला चढउतार तोच राहिला आणि गाभ्यावरचा ताण एक तृतीयांश कमी झाला.

याची किंमत एकूण करंटमध्ये मोजावी लागते. सुट्या चोकमध्ये पॅनलच्या करंटचा चढउतार १.१५ अँपिअर होता. कपल्ड रचनेत तो १.९ अँपिअर होतो, म्हणजे १३.६४ च्या सुमारे १४ टक्के. पॅनलला जोडलेला कपॅसिटर त्यातला बराच भाग शोषतो. कपलिंग ०.५८ पर्यंत वाढवले असते तर गाभ्यातली कमाल ४.३ पर्यंत खाली आली असती, पण पॅनलच्या करंटचा चढउतार २.७ अँपिअरवर गेला असता. गाभा लहान हवा की कपॅसिटर, याचा निर्णय रचनाकाराला इथे घ्यावा लागतो.

आता टर्न काढता येतात. ६५ मिलिमीटरच्या ई गाभ्यात मधल्या पायाचे क्षेत्रफळ सुमारे ५.४ चौरस सेंटिमीटर, बाहेरच्या पायाचे सुमारे २.७. नेहमी वापरले जाणारे पॉवर फेराइट २५ अंशांना सुमारे ०.४९ टेस्लाला संपृक्त होते, पण १०० अंशांना तीच मर्यादा ०.३९ टेस्लापर्यंत उतरते. भर उन्हात बंद पेटीत चालणाऱ्या पंप कंट्रोलरसाठी दुसरा आकडाच धरायला हवा. त्यात राखीव ठेवून ०.२८ टेस्ला घेतले तर टर्न = ५.६ मिलिवेबर ÷ (०.२८ × २.७ चौ. सेंमी.) म्हणजे ७४ च्या आसपास, घ्यावे ७५.

बाहेरच्या पायाचा चुंबकीय विरोध = टर्नचा वर्ग ÷ [एल × (१ + के)]. त्यावरून फटीची जाडी सुमारे १.५ मिलिमीटर येते. या हिशेबात फटीच्या कडेने बाहेर फुगणारा प्रवाह धरलेला नाही. त्याच्यामुळे प्रत्यक्ष इंडक्टन्स काहीसा जास्त येतो, म्हणून पहिला नमुना मोजून पट्टीची जाडी थोडी वाढवावी लागते. फटीजवळ येणाऱ्या तारा या फुगलेल्या प्रवाहाने जास्त तापतात, म्हणून वाइंडिंग फटीपासून थोडे दूर ठेवतात. ५० किलोहर्ट्झला तांब्यात करंट पृष्ठभागापासून सुमारे ०.३ मिलिमीटरपर्यंतच नीट पोचतो, त्यामुळे एका जाड तारेऐवजी अनेक बारीक इनॅमल तारांचा पीळ वापरणे चांगले. किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत वार्निशचा थर वगळून चालत नाही.

टेबलावरची तपासणी

तयार चोक कन्व्हर्टरमध्ये बसवण्याआधी एलसीआर मीटरने तीन मोजमापे घेतात. प्रत्येक वेटोळे एकटे मोजले की एल मिळतो. आपल्या उदाहरणात ०.९३ मिलिहेन्री. मग दोन्ही वेटोळी एकापुढे एक जोडून एकूण इंडक्टन्स मोजायचा, त्यानंतर एका वेटोळ्याची टोके उलटून पुन्हा मोजायचा. एकदा २.४७ आणि एकदा १.२४ मिलिहेन्री यायला हवे. मोठ्या आकड्यातून लहान वजा करून चारने भागले की एम मिळतो: ०.३१. पडताळ्यासाठी एक वेटोळे शॉर्ट करून दुसरे मोजतात. तो आकडा एल × (१ − के²), म्हणजे ०.८२ च्या आसपास हवा.

याच तपासणीत वेटोळ्यांच्या सुरुवातीची टोके ओळखून त्यांवर टिंब करतात. टिंबाची चूक फार महाग पडते. एका वेटोळ्याची टोके अदलाबदल होऊन कपलिंग सुलट झाले, तर एल, एम, टर्न, फट सगळे तेच राहते, पण गाभ्याला आता एल − एम ऐवजी एल + एम जाणवतो. स्थिर प्रवाह ४.२१ ऐवजी ८.४३ मिलिवेबर-टर्न होतो आणि कमाल क्षेत्र ०.४९ टेस्लापर्यंत पोचते. थंड गाभ्यावर थोडा वेळ टेस्ट करताना चोक जेमतेम तग धरेल. गाभा तापला की मर्यादा ०.३९ ला येते, चोक संपृक्त होतो, करंट झपाट्याने चढतो आणि स्विच जळतो. म्हणून पूर्ण भाराची चाचणी गरम गाभ्यावर, ऑसिलोस्कोपवर करंटचा आकार पाहत घेतात. करंटची रेघ चढताना वरच्या टोकाला अचानक उभी होऊ लागली, की संपृक्तता सुरू झाली असे समजावे.

दोन शाखांत करंट सारखा वाटला जातो हे गृहीतही तपासावे लागते. एकीत १० टक्के जास्त आणि दुसरीत १० टक्के कमी करंट गेला, तर जास्त करंटच्या शाखेतला स्थिर प्रवाह २० टक्क्यांनी वाढून ५.०५ होतो. के = १/३ असताना असमतोलाचा परिणाम दुप्पट होतो; कपलिंग जितके घट्ट तितका हा परिणाम तीव्र. ०.२८ टेस्लाची निवड या १० टक्क्यांसह ०.३२ पर्यंत जाते आणि तरीही मर्यादेच्या आत राहते. त्याहून जास्त असमतोल टाळण्यासाठी दोन्ही शाखांचा करंट वेगवेगळा मोजून नियंत्रित करतात.

इतर वेळी काय घडते हेही पाहावे. सकाळी पॅनल थंड असताना व्होल्टेज २५० च्या आसपास असते, डी ०.५८ होते, शाखेतला चढउतार २.७ अँपिअरवरच राहतो आणि पॅनलच्या करंटचा १.३५ पर्यंत उतरतो. म्हणजे रचना दुपारच्या उन्हासाठी केली की सकाळ सांभाळली जाते. पावसाळी ढगांत शक्ती ६०० वॅटच्या खाली गेली, की शाखेचा करंट प्रत्येक आवर्तनात शून्याला टेकू लागतो आणि वरची सूत्रे तशीच्या तशी लागू पडत नाहीत. तिथे कंट्रोलरला वेगळा नियम द्यावा लागतो किंवा एक शाखा बंद ठेवावी लागते.

दुसरा प्रकार: एकाच शाखेतील जोडवेटोळे

बूस्टमध्ये कपल्ड इंडक्टर आणखी एका कारणासाठी वापरतात. एकाच पॅनलच्या ४० व्होल्टपासून ४०० व्होल्ट हवे असतील, तर साध्या बूस्टला डी ०.९ ठेवावी लागते. त्यात स्विच जवळजवळ कायम चालू राहतो आणि ऊर्जा फार वाया जाते. त्याऐवजी स्विच आणि डायोड यांच्या मध्ये त्याच गाभ्यावरचे दुसरे वेटोळे जोडतात. दुसऱ्यात पहिल्याच्या ‘एन’ पट टर्न असतील, तर

बाहेरचे व्होल्टेज ÷ आतले व्होल्टेज = (१ + एन × डी) ÷ (१ − डी)

एन ४ घेतला की डी ०.६४ वर येते आणि स्विचवर ४०० ऐवजी फक्त ११२ व्होल्ट येतात. इंडक्टन्सचा हिशेब इथे पहिल्या वेटोळ्यावर करतात. ३०० वॅटसाठी आतला करंट ७.५ अँपिअर असतो. पण स्विच बंद असताना करंट दोन्ही वेटोळ्यांतून पाचव्या हिश्शाने वाहतो, म्हणून चालू काळातला सरासरी करंट ७.५ ÷ [डी + (१ − डी)/५] = १०.५ अँपिअर धरावा लागतो. १०० किलोहर्ट्झ आणि ३० टक्के चढउतार घेतला तर ४० × ६.४३ ÷ ३.१५ = सुमारे ८२ मायक्रोहेन्री येतात.

या प्रकारात दोन्ही वेटोळी शक्य तितकी घट्ट जोडलेली हवीत, कारण दुसऱ्या वेटोळ्याला न पोचणारा प्रवाह स्विच बंद होताना व्होल्टेजचा झटका बनून स्विचवर येतो. एक टक्का गळती म्हणजे ०.८ मायक्रोहेन्री. १२ अँपिअरच्या कमाल करंटला तिच्यात दर आवर्तनाला सुमारे ६० मायक्रोज्यूल साठतात, म्हणजे सेकंदाला ६ ज्यूल, ३०० वॅटमधले दोन टक्के. ही ऊर्जा डायोड आणि कपॅसिटरच्या क्लॅम्पने पकडून बाहेरच्या बाजूला परत द्यावी लागते. म्हणून पहिले आणि दुसरे वेटोळे थरावर थर आलटून-पालटून गुंडाळतात. दोन शाखांच्या चोकमध्ये मात्र गळतीचा इंडक्टन्स मुद्दाम ठेवावा लागतो, कारण पॅनलच्या करंटला तोच आवरतो. कपल्ड इंडक्टरचा इंडक्टन्स काढायला बसताना आधी ही दोन कामे वेगळी ओळखावीत, मग ड्यूटी काढावी, तिच्यावरून कपलिंग ठरवावे आणि शेवटी टर्न व फट मोजावी.